खालाची फाईल



महाडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. तिचे सासरे अमेरिकेत धाकट्या दिराकडे राहायला गेले होते. तिथे न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आता ते नर्सिंग होममध्ये आहेत. दीर-जाऊ दोघंही नोकरीवर, दिवसभर घरात कुणी नाही. तिथून मेल आला की त्यांच्या 'केअर प्लॅन'ची बैठक आहे, भारतातल्या घरच्यांना फोनवरून बसता येईल. भगिनी विचारते, "डॉक्टर त्यांचे, देश त्यांचा. आम्ही इतक्या लांबून काय सांगणार? 'बरे आहेत ना' एवढंच विचारायचं का?"

भगिनी, दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका बैठकीत नेमकं एवढंच विचारून फोन ठेवला होता. म्हणून आजचं हे पान तुझ्या पत्राला.

आधी शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. माझी दोन्ही मुलं चिपळूणच्या नर्सिंग होममध्येच झाली. इंग्लंड-अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे जिथे म्हातारी, आजारी माणसं महिनोन् महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात आणि रात्रंदिवस शिकलेली नर्स हजर असते, अशी जागा. तिथे प्रत्येक माणसाची एक फाईल असते. सकाळी कसं उठवायचं, अंघोळ कशी घालायची, काय खातात, कोणती गोळी कधी, चालताना किती जणांचा आधार लागतो, झोप कशी आहे, सगळं त्यात. तोच केअर प्लॅन. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचं तर टाचण. सकाळपाळीची केअरर गेली, रात्रपाळीची आली, तिने त्या माणसाला पूर्वी कधी पाहिलेलं नाही. ती टाचण वाचते आणि कामाला लागते. जे टाचणात नाही ते होत नाही. (टाचणात आहे तेही दरवेळी होतंच असं नाही. हे कुठल्याही शिक्षकाला सांगायची गरज नाही.)

अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा झाला आणि त्यातून नियम आले. आजची पद्धत अशी: दाखल झाल्यापासून ४८ तासांत तात्पुरता आराखडा, १४ दिवसांत पूर्ण तपासणी, ती संपल्यावर ७ दिवसांत पूर्ण आराखडा, आणि पुढे निदान दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. त्या माणसाला आणि त्याच्या प्रतिनिधीला यात सामील करून घ्यावं, आणि बैठकीत आणखी कुणाला बसवायचं ते त्याला सांगता यावं, हे तिथल्या केंद्र सरकारच्या नियमातच आहे. तेव्हा तुम्हाला बोलावलं ते कुणी उपकार म्हणून नाही.

आता माझी गोष्ट. ती अमेरिकेतली नाही, इंग्लंडची आहे.

माझी मोठी खाला १९६८ साली चिपळूणहून बर्मिंगहॅमला गेली. खालू आधी बोटीवर खलाशी होते, मग तिकडच्या एका ओतकाम कारखान्यात लागले. आपल्या कोकणात अशी किती घरं आहेत ते मी सांगायला नको. खालू २०११ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. खाला एकटी राहिली, मग हळूहळू विसरायला लागली. मुलगी, म्हणजे आमची आपा, ग्लासगोला. रेल्वेने चार-पाच तास. मुलगा टोरांटोला. खालाने दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा रात्री गाऊनवर रस्त्यावर सापडली. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये आपाने तिला बर्मिंगहॅमजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. खालाचं वय तेव्हा ८३.

आपाने हे आम्हाला महिनाभर सांगितलंच नाही. फोन केला की म्हणायची, अम्मी झोपलीय, अम्मी न्हाणीत आहे. का, ते आपल्या घरांत वाढलेल्या कुणालाही कळेल. "आईला आश्रमात टाकली" हे वाक्य ऐकण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं वाटतं. आणि ते वाक्य तिला ऐकावं लागलंच. ऑक्टोबरात पहिल्या बैठकीसाठी आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर आलो: मुंब्र्याचे मामू, टोरांटोचे भाईजान, चिपळूणहून मी आणि अम्मी. दुबईच्या भाच्याला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून जोडत बसलो. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालत नाही, त्यात दहा मिनिटं गेली. मग मामूंनी सर्वांदेखत आपाला विचारलं, "तुझ्या घरात एक खाट मावत नव्हती का?" ते मराठीत बोलले हे खरं, पण आपाचा चेहरा समोरच्या सिस्टरला वाचता येत होता. राहिलेल्या वीस मिनिटांत आम्ही सगळे एकदम बोललो, खालाला हात हलवून दाखवले, "बरी आहे ना?" विचारलं, आणि सिस्टरने "काही सांगायचं आहे का?" म्हटल्यावर एका सुरात नाही म्हणालो.

खाला खुर्चीत बसलेली होती. टॅब कुणीतरी खालून धरलेला, म्हणून तिची हनुवटीच जास्त दिसत होती. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये राहिलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

पंधरवड्याने आपाचा फोन आला, रडत. खाला जेवत नाही. टॉयलेटला नेलं तर दाराची चौकट धरून ठेवते. पाणी पिणं कमी केलंय, लघवीला जंतुसंसर्ग झाला, त्यात डोकं आणखीच भरकटलं. रात्री उठून भटकते, एकदा पडली. फाईलमध्ये लिहिलंय 'सेवा घ्यायला विरोध करते'. डॉक्टर झोपेच्या गोळीचा विचार करताहेत. म्हाताऱ्या माणसाला झोपेच्या गोळीने रात्री झोक जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हे आपाला ठाऊक होतं. ती इस्पितळाच्या कचेरीतच काम करते. पण नको म्हणायचं तर त्याऐवजी काय, हे तिच्याकडे नव्हतं.

होमने नोव्हेंबरात पुन्हा बैठक ठेवली, तिथले दुपारी दोन. मागच्या वेळी दोन म्हणजे आपले साडेसहा होते, म्हणून आम्ही साडेसहाला बसलो. वाट पाहिली. सव्वासातला अम्मी कंटाळून आडवी झाली, मी फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकाला लागले. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली होती. थंडीत त्यांच्यात-आपल्यात साडेपाच तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेचार. आमचे साडेसात वाजले तेव्हा तिकडे सगळे बसले होते आणि आमच्या बाजूला कुणी नव्हतं. वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांना मी काय काय बोलते ते त्या रात्री आठवलं.

पुढच्या आठवड्यात तिसरी बैठक झाली. या वेळी आम्ही मोजकेच होतो. सिस्टर केरळची होती. (इंग्लंडच्या अशा होममध्ये केरळच्या पुष्कळ मुली काम करतात.) तिने एकेक अडचण सांगायला सुरुवात केली. टॉयलेटचं सांगताना म्हणाली, "दाराशी नेलं की त्या चौकट धरतात आणि सारख्या म्हणतात, लॉट, लॉट. इंग्रजीत 'अ लॉट' म्हणजे खूप. आम्हाला वाटलं, खूप दुखतंय म्हणून सांगताहेत." त्यावरून फाईलमध्ये 'वेदना: खूप' अशी नोंद झाली होती, तपासण्या झाल्या होत्या, दुखण्याची गोळी सुरू झाली होती आणि त्या गोळीने पोट बांधलं गेलं होतं.

माझी अम्मी खालाची धाकटी बहीण. वय ७६, इंग्रजीचा गंध नाही. ती माझ्या मागे खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. तिच्या कानावर फक्त तो शब्द पडला. ती तिथूनच ओरडली, "अगं, लोटा मागतेय ती! पाण्याशिवाय कशी जाईल?"

आपाने कपाळाला हात लावला. घरी टॉयलेटमध्ये प्लॅस्टिकचा जग असायचा. सामान बांधताना तो तिने घेतलाच नाही. जग कोण बांधतं? तिथे भिंतीला कागदाची गुंडाळी, बस. आयुष्यभर तहारतीबाबत कडक असलेली बाई, तिला आपण नापाक राहिलो असं वाटत असणार. म्हणून जायचंच टाळायचं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. मी इंग्रजीत समजावून सांगितलं. सिस्टर आमच्याशी काही बोलली नाही. ती आधी खालाकडे वळली, तिचा हात हातात घेऊन 'सॉरी' म्हणाली, मग लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालायची छोटी झारी आली आणि फाईलमध्ये ओळ गेली: टॉयलेटला नेण्याआधी झारी कोमट पाण्याने भरून उजव्या हाताला ठेवावी.

मग जेवणाची गोष्ट निघाली. होमने खालासाठी बाहेरून हलाल डबा लावला होता. त्यांचा खर्च, त्यांची आस्था, त्याबद्दल शुक्रियाच. पण डब्यात नान आणि लाल मसाल्याची करी. कोकणातली बाई, जन्मभर भात खाल्लेली, दात नाहीत, ती नान कसा चावणार? तिला काय आवडतं विचारल्यावर मी म्हटलं, पेज. पेज इंग्रजीत कशी सांगायची या विचारात मी 'तांदूळ पुष्कळ पाण्यात मऊ शिजवून मीठ घालून' असं सुरू केलं, तर सिस्टरचा चेहरा फुलला. "कंजी!" ती म्हणाली. तिच्या घरी केरळात तीच. मात्र पेज लगेच सुरू झाली नाही. गिळायला त्रास असलेल्यांना किती घट्ट, किती पातळ द्यायचं हे तिथे तज्ज्ञ तपासून ठरवतात, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. ते तपासलं, मग सुरू झाली. सोबत मऊ केलेला मासा.

रात्रीचं भटकणं उरलं. अम्मीने विचारलं, किती वाजता उठते? सिस्टरने नोंदी पाहून सांगितलं, बहुधा चार-साडेचार. अम्मी माझ्याकडे बघायला लागली. आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट: खाला फजरच्या आधी उठते, चूल पेटवते, वजू करते. ती भटकत नव्हती, न्हाणी शोधत होती. त्या बैठकीनंतर झोपेच्या गोळीची गोष्ट मागे पडली. पहाटे पॅसेजमध्ये हालचाल दिसली की केअररने तिला खोलीत वजूचं पाणी द्यायचं, खुर्ची खिडकीशी लावायची, डोक्यावर ओढणी द्यायची आणि पाच मिनिटं थांबायचं, असं ठरलं. नमाजच्या रकाती तिच्या आता गोंधळतात. पण नंतर ती पुन्हा झोपते.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. विसरणं वाढतंच आहे. जानेवारीत पुन्हा संसर्ग झाला. रजेवरच्या बदली मुलीने झारी कपाटावर ठेवून दिली आणि तीन दिवस तिथेच राहिली. पण चौकट धरणं गेलं, आणि 'विरोध करते' ही ओळ फाईलमधून निघाली.

मी वीस वर्षं पालकसभा घेतेय. पालक येतात तेव्हा मला मुलाचे मार्क माहीत असतात, अक्षर माहीत असतं. पण तो घरी अंधाराला घाबरतो की नाही, हे त्याची आईच सांगते. आणि जी आई येते ती फक्त "कसा आहे अभ्यास?" विचारते आणि जाते. मी मनात चरफडते की बाई, तू काहीतरी सांग ना. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन पालकसभा घेतल्या तेव्हा तर कॅमेरा बंद, आवाज बंद, शेवटी एक नमस्कार. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर मीही तेच केलं होतं.

तर भगिनी, आता तुझ्या बैठकीबद्दल. बैठकीच्या आधी एक वही घे. सासूबाई असतील तर त्यांच्याजवळ बस, नसतील तर सासऱ्यांच्या बहिणीजवळ. 'त्यांना काय आवडतं' असं विचारू नकोस, त्यावर कुणी काही सांगत नाही. एक दिवस विचार: सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट काय करतात? चहा आधी की दात आधी? अंघोळ बसून की उभ्याने, गरम की कोमट? कोणासमोर कपडे बदलतील आणि कोणासमोर मेले तरी नाही? दुखलं तर कण्हतात की गप्प होतात? (गप्प होणाऱ्या माणसांचं दुखणं तिकडे कुणाला कळत नाही, हे आवर्जून सांग.) रागावले की काय केल्याने शांत होतात? इंग्लंडच्या अल्झायमर्स सोसायटीचा 'धिस इज मी' नावाचा यासाठीच केलेला छोटा छापील नमुना आहे. आम्ही तो भरून दिला. पण वहीतली दोन पानंही पुरतात.

शब्दांचं तर मुद्दाम कर. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची उरते, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. खालाचं इंग्रजी गेलं, उर्दू पातळ झाली, राहिली ती आमची घरची कोकणी. मी तिसरीच्या वर्गासाठी करते तशी शब्दपट्टी केली: लोटा, पेज, पाणी, दुखतंय, थंडी, बास, नमाज, न्हाणी. बाजूला रोमन अक्षरांत उच्चार, पुढे इंग्रजी अर्थ. अम्मीच्या आवाजात ते शब्द भरून पाठवले, म्हणजे मुलींना उच्चार कळेल. ती पट्टी आज खालाच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. दुभाष्या मागण्याचाही मार्ग असतो आणि औषधोपचाराच्या मोठ्या निर्णयाला तो मागावाच. आईच्या लघवीबद्दल तिच्यासमोर मुलाने भाषांतर करत बसणं दोघांनाही जड जातं. पण आमच्याकडे एकदा फोनवर आलेला दुभाष्या इतकं शुद्ध मराठी बोलला की खालाने विचारलं, हे साहेब कुठल्या कचेरीतले?

बोलणारा एक ठेवा. आमच्यात आपा बोलते. बाकीच्यांनी आदल्या दिवशी तिला सांगायचं, बैठकीत विचारलं तरच बोलायचं. मामूंना हे पटायला वेळ लागला. बैठक संपली की काय ठरलं ते लेखी मागा आणि दोन आठवड्यांनी त्यातली एकेक ओळ विचारा, झालं का? तक्रारीच्या सुरात नको. एकेका केअररवर किती माणसांचा भार असतो ते आपण पडद्यावर पाहत नाही.

आणि पडद्याने पडद्यापुरतंच दिसतं. टाचेला पडलेली जखम दिसत नाही, खोलीतला वास येत नाही. कुणीतरी पायांनी जाऊन यावंच लागतं. खालाच्या जुन्या गल्लीतली एक गुजराती शेजारीण दर जुम्म्याला जाते. ती जे सांगते ते आमच्या शंभर व्हिडिओ कॉलांतून कळलं नसतं. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, तिकडे भेटी बंद झाल्या होत्या आणि कितीतरी माणसं काचेतून हात लावून परत गेली. पुढे इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नियमच झाला की अपवादाची स्थिती सोडून होमने भेटीला येऊ द्यायला हवं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आम्ही बोलायला शिकलो आणि मग जरा जास्तच बोलायला लागलो. २०२४ चा रमजान मार्चमध्ये आला. खाला म्हणाली रोजे ठेवणार. तिला मधुमेह आहे, गोळ्या आहेत. भाईजान म्हणाले नाही, मामू म्हणाले नाही, मी तर शरियतीतली सूटही समजावून सांगितली. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना विचारलंत?"

इंग्लंडमध्ये २००५ चा मानसिक क्षमतेचा कायदा आहे. त्याची सुरुवातच अशी की उलट सिद्ध होईपर्यंत प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो असंच धरून चालायचं. आणि क्षमता एकेका निर्णयापुरती तपासायची. पैशाचा हिशेब जमला नाही म्हणून काय खायचं तेही कळत नाही असं नाही. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना धक्का देते: तिथे मुलगा आहे, भाऊ आहे एवढ्याने कुणालाही आईच्या उपचाराचा निर्णय घेण्याचा हक्क मिळत नाही. तिचा निर्णय तिला घेता येत नसेल तर तिच्या हिताचा निर्णय घेताना घरच्यांचा सल्ला घ्यायचा असतो. पण हुकूम चालवायचा असेल तर त्या माणसाने शहाणपण शाबूत असतानाच मुखत्यारपत्र करून ते सरकारात नोंदवलेलं असावं लागतं. खालाने घराबद्दल आणि पैशाबद्दल केलं होतं, तब्येतीबद्दल नाही. ते वेगळं असतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत आणि अजून नीट आहेत, त्यांनी हे आज रात्रीच फोनवर बोलावं.

तर खालाला विचारलं. कानात यंत्र घालून, टीव्ही बंद करून, सकाळी, कारण सकाळी ती जागेवर असते. डॉक्टरांनी सांगितलं की उपाशी राहून चक्कर येईल, पडाल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, रोजा नको, पण सगळे इफ्तार करतील तेव्हा मला एकटीला साडेचारला जेवायला बसवू नका. एवढंच तिचं म्हणणं होतं. होममध्ये संध्याकाळचं जेवण साडेचार-पाचला उरकतात. तिला वेळेवर थोडं खायला द्यायचं आणि सूर्यास्ताला एक खजूर आणि चहा, फोनवर अम्मीबरोबर, असं फाईलमध्ये लिहिलं गेलं. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून जायचे. अम्मी तरावीह आटोपून जागी राहायची आणि दुसऱ्यांदा खजूर खायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरातल्या एका मुलाने कॉल चालू असताना खालाचा फोटो काढला. झोपलेली, तोंड उघडं, डोक्यावरची ओढणी सरकलेली. 'दुआ करा' असं लिहून खानदानाच्या ग्रुपवर टाकला. तिथून गावच्या ग्रुपवर गेला. साठ जणांनी आमीन लिहिलं. खालाने आयुष्यात दिराजेठांसमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. मी त्या मुलाला बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यानंतर नियम केला: फाईलमधला कागद, जखमेचा फोटो, झोपेतला चेहरा, काहीही ग्रुपवर जाणार नाही. आपा फक्त चार ओळी लिहिते, आणि त्याही खालाला वाचून दाखवून.

अखेरची गोष्टही बैठकीत निघते. तिकडे ती आधीच विचारून लिहून ठेवतात: श्वास थांबला तर छाती दाबून प्रयत्न करायचे का, इस्पितळात न्यायचं का, मय्यतीचं काय. मामू चिडले, जिवंत माणसाच्या तोंडावर हे काय विचारतात? मलाही ते ऐकवलं नाही. पण आपल्यातले दफन लवकर करायचे असतात आणि सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूचं कारण वैद्यकीय परीक्षकाने तपासल्याशिवाय कागद पुढे जात नाही; आधी काही कळवलेलं नसलं तर त्या घाईत कुणाला फोन करायचा तेही सुचत नाही. आम्ही इकडे गृहीत धरून बसलो होतो की खालाला चिपळूणच्या कब्रस्तानात, नाना-नानींजवळ यायचं असणार. विमानाचा, कागदपत्रांचा खर्च कोण किती उचलणार याचं बोलणंही मामूंनी सुरू केलं होतं. आपाने आईला विचारलं. खाला म्हणाली, "मी कशाला जाऊ एवढ्या लांब? तुझे अब्बा इथे आहेत."

ते लिहून घेतलं आहे. मामू त्या दिवशी काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी आपाला वेगळा फोन केला आणि पाऊण तास बोलले. काय ते मी विचारलं नाही.

हे सगळं परदेशापुरतं आहे असं समजू नका. आपल्या गावागावांत उलटं चित्र आहे: मुलगा कुवेतला, सून त्याच्याजवळ, अब्बा घरी, सांभाळायला महिन्याच्या पगारावरची बाई. तिच्यासाठी कुणी टाचण लिहिलंय? गोळ्यांच्या डब्यावरच्या खुणेपलीकडे तिला काय सांगितलंय? कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. रविवारी अर्धा तास अब्बा, बाई आणि मुलगा तिघं एका कॉलवर बसले, तर तीही केअर प्लॅनची बैठकच. फक्त बाईलाही बोलू द्या. घरातलं सगळ्यांत जास्त तिला माहीत असतं.

महाडच्या भगिनी, तुझी बैठक झाली की काय झालं ते कळव. तिकडच्या वेळेचं मात्र आधी दोनदा विचारून घे. अमेरिकेतही घड्याळ बदलतं, आणि इंग्लंडच्या तारखेला नाही, वेगळ्याच तारखेला. आमची पुढची बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वहीत मुद्दे लिहिलेत: यंत्राच्या बॅटऱ्या कोण बदलतं, पायाला थंडी वाजते म्हणून लोकरी मोजे, नवी मुलगी आली आहे तिला शब्दपट्टी दाखवली का. आणि वर लाल शाईने, साडेसहा नव्हे, साडेसात.